खळ दिलेली पिशवी

विश्वास ठेवावा तर कोणावर, सांगा बरं? बायकोच्या शब्दावर, छापील कागदावर, की आपल्याच अकलेवर? यवतमाळच्या कचेरीतले कारकून नरहरराव नेहमी तिसऱ्यावर ठेवत. माणूस सज्जन, पण स्वतःची अक्कल त्यांनी कधी तपासून घेतली नव्हती.

त्यांची बायको सुहासिनी दर दिवाळीनंतर अमरावतीला माहेरी जायची, ती शिमग्यालाच परतायची. इथं रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, एवढंच ती म्हणे. कारण मात्र नरहररावांनी शोधलं होतं. कापसाचा हंगाम! सरकी काढायच्या जिनातला बारीक तूस उडतो, घरात शिरतो आणि बायकोच्या छातीत बसतो. ती यावर कधी हो म्हणाली नव्हती, नाहीही म्हणाली नव्हती. (बायको गप्प बसली की नवऱ्याला वाटतं, आपलं पटलं.)

यंदा पत्रांवर पत्रं गेल्यावर ती पौषात आठ दिवस यायला कबूल झाली. झोप लागली तर राहीन, नाहीतर नवव्या दिवशी एसटीत बसेन, असं तिनं स्वच्छ कळवलं. तीन हिवाळे स्वतःच्या हातची पिठलं-भाकरी खाल्लेल्या नरहररावांना घरात आता धुळीचा कण नको होता.

नेमका तेव्हाच राजूरच्या कोळसा खाणीवरचा एक साहेब सामान विकून चालला होता. नरहररावांनी त्याचं धूळ ओढायचं विजेचं यंत्र उचललं. लांब दांडा, खाली चपटं तोंड आणि मागे लोंबणारी कापडी पिशवी. सोबत इंग्रजी पुस्तिका. तिच्यात पहिलंच वाक्य होतं की पिशवी सदैव स्वच्छ ठेवावी. ती झटकावी, पाणी लावू नये, हे पुढच्या वाक्यात होतं. पण पुढची वाक्यं वाचायला कचेरीत साहेब असतात. नरहरराव पहिल्या वाक्यावर सही करणाऱ्यांतले.

त्यांनी पिशवी लालीबाईकडे दिली. लालीबाई त्यांच्याकडे धुणंभांडं करी. तांड्यावरची बाई, कामाला चोख. तिनं पिशवी सोड्यात उकळली, दगडावर आपटली, निळीत बुडवली आणि वर भाताच्या पेजेची अशी घट्ट खळ दिली की वाळल्यावर पिशवी भिंतीला टेकून आपली आपण उभी राहिली.

"हे काय केलंस?" नरहररावांनी विचारलं.

"धुतल्या कपड्याले खळ तं द्याच लागते, भाऊ. बाई येऊन राह्यली, मंग मशीनच गबाळी कायले ठेवता?"

नरहररावांना ते पटलं. (कापडाच्या धंद्यात हयात गेलेला माणूस म्हणून सांगतो, घट्ट खळीच्या कापडातून पाणी जात नाही, तिथं वारा काय जाणार. पण मला कोण विचारतो?)

सुहासिनीची गाडी दुपारची होती. नरहररावांनी रजा टाकली आणि सकाळपासून यंत्र चालवलं. छपराची आढी झाली, फडताळं झाली, उसवलेली गादी झाली. गादीतला बराच कापूस यंत्रानं गिळला, तोही त्यांना स्वच्छतेचाच भाग वाटला. एका सुरातली ती घरघर कानांत भरली, कौलांच्या फटींतून उन्हाचे पट्टे उतरले, आणि त्यांना जागेपणीच दिसू लागलं : हिवाळ्याची दुपार आहे, चुलीवर वांग्याची भाजी रटरटते आहे, सुहासिनी गाढ झोपली आहे, आणि सारं यवतमाळ तिच्यासाठी हळू चालतं आहे.

मागे पिशवी फुगत होती. आधी तक्क्यासारखी झाली, मग पोळ्याच्या बैलासारखी. दारात टांगा थांबला आणि शिवण उसवली.

आवाज फारसा झाला नाही. फस्स झालं, आणि सकाळपासूनची धूळ, वर्षांची जळमटं, गादीचा कापूस, सगळं सावकाश वर चढलं. उन्हाच्या पट्ट्यांत सोन्याचा भुगा तरंगू लागला. पांढरे पुंजके काही ठरवल्यासारखे घरभर फिरू लागले. दारात सुहासिनी वळकटी धरून उभी होती.

नरहरराव तिच्या छातीकडे बघत राहिले. आता खोकला, मग टांगा, मग एसटी. तिनं खोल श्वास घेतला. एक पुंजका तिच्या अंबाड्यावर बसला.

"किती छान दिसतंय हो," ती म्हणाली.

"अगं, तुला त्रास होईल. बाहेर थांब."

"धुळीचा त्रास मला कधीच नव्हता."

"मग दर हिवाळ्यात जातेस काहून?"

तिनं वळकटी खाली ठेवली. अंबाड्यावरचा पुंजका काढून हवेत सोडला. "उन्हाळ्यात आपण अंगणात बाजेवर झोपतो. तिथं तुमचं घोरणं आभाळात जातं. थंडीत दारं लावली की ते माझ्या उशाशीच राहतं. तुम्ही एवढ्या मायेनं कापसाचं नाव घेतलंत, मग मी कशाला बोलू?"

नरहररावांनी यंत्र बंद केलं, झाडणी घेतली आणि केर काढू लागले. पाचव्या मिनिटाला मागे वळून पाहिलं, तर अर्ध्या रिकाम्या गादीवर सुहासिनी गाढ झोपलेली. नवरा जागा असला की तिला अशी शांत झोप लागते, हे त्या दिवशी सिद्ध झालं. तेव्हापासून ती हिवाळाभर यवतमाळलाच राहते. नरहरराव तेवढे रात्री जागतात आणि कचेरीत डुलक्या घेतात.

तर मंडळी, आपापल्या घरचा हिशेब इमानानं ठेवा. बायकोची उडालेली झोप कापसाच्या नावे मांडायच्या आधी एकदा आपलं घोरणारं नाक तपासून घ्या.