बाथरूमचा आलेख

बाथरूमची फरशी बदलायची, एवढंच खरं तर ठरलं होतं. पण आमच्या हेडक्लार्कच्या डोक्यात किडा वळवळला: उतार गणितानं काढायचा! कारण सासूबाई. गणिताच्या निवृत्त शिक्षिका. जावयाबद्दल 'स्वभावानं बरा आहे' यापलीकडे त्या कधी गेल्या नव्हत्या. आता त्याच राहायला येणार होत्या. या खेपेला त्यांच्या तोंडून 'शाबास' काढायचंच, असा ह्यानं विडा उचलला. (घरात ह्यानं दुसरं काही उचलल्याचं कुणाला आठवत नाही.)

"हे बघ," आलेखाचा कागद पसरून तो बायकोला म्हणाला, "y = −3x + 6. दाराशी फरशी सहा सेंटिमीटर उंच, म्हणून अधिक सहा. पुढे दर मीटरला तीन सेंटिमीटर खाली, म्हणून चढ उणे तीन. दोन मीटरवर, जाळीपाशी, उंची शून्य! पाणी पळणार कुठं?"

"माझ्या तोंडचं पळालंय आधीच," बायको म्हणाली. "आणि उंबरठा का फोडलात?"

"समीकरण असताना उंबरठा कशाला?"

मग मापाबरहुकूम मोठा केलेला कागद त्यानं डाव्या भिंतीवर टेकवून रेष मारली, वर ऐटीत समीकरणही लिहिलं. दाराशी सहा, जाळीशी शून्य. फक्कड! गर्रकन वळून तोच कागद तसाच समोरच्या भिंतीवर टेकवला. आता, वळलं की दार उजव्या हाताला येतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण पुस्तकात Y-अक्ष डावीकडे असतो, आणि ह्याच्या डावीकडे होती जाळी! सहा पडले तिकडे, शून्य दाराशी.

गवंड्यानं डोकं खाजवलं. "साहेब, ह्या दोन रेषांचं आपसात पटत नाही वाटतं."

"तुम्ही कधी आलेख काढलाय?"

"नाही बुवा."

"मग रेषेवर फरशी लावा."

घर साहेबांचं, हौस साहेबांची. गवंड्यानं बिनबोभाट लावली.

सासूबाई आल्या आणि आंघोळीला गेल्या. हा हॉलमध्ये 'शाबास'साठी कान टवकारून बसला. आधी आलं पाणी. दाराखालून, सावकाश, पाहुण्यासारखं इकडेतिकडे बघत. चपला तरंगल्या, सोफ्याचे पाय भिजले.

"अहो, बसलात काय! उठा!" बायको किंचाळली.

दार उघडलं. ओल्या केसांना टॉवेल, डोळ्यांवर चष्मा, अशा सासूबाई भिंतींची तपासणी आटोपूनच बाहेर आल्या.

"जावईबापू, समीकरण कुणी मांडलं?"

"म... मीच."

"बिनचूक आहे."

हेडक्लार्कची छाती अशी फुगली की बटणं घाबरली.

"डावी रेष बरोबर. उजवी साफ उलटी. अर्धं पाणी जाळीत, अर्धं हॉलमध्ये. पन्नास टक्के."

"म्हणजे पास?" घोटाभर पाण्यात उभं राहून त्यानं आशेनं विचारलं.

सासूबाईंनी चष्मा पुसला आणि लेकीकडे कौतुकानं बघितलं.

"इतके पडतील असं वाटलं नव्हतं गं मला!"