मंगेशचं बटण

आमच्या मजल्यावरचा मंगेश लिफ्टचं बटण दाबतो, लिफ्ट येते, दार उघडतं, आणि हा आत न शिरता पुन्हा बटण दाबतो. "अरे मंग्या, दूध नासेल माझं! चल की आत," असं शेजारच्या नाईकवहिनी ओरडल्या तरी तो शांतपणे म्हणतो, "दाबलं हे खरं, वहिनी. पण पोचलं का?"

हे त्याचं पोटापाण्याचं वाक्य. परळच्या एका कंपनीत तो मोबाइलच्या पडद्यावरची बटणं बनवतो. तयार बटणं मिळतात. पण कंपनीला स्वतःच्या घडणीची हवीत. ती कधी एकदा दाबून दोनदा लागतात, कधी लागतच नाहीत. का, ते शोधायचा मंगेशला पगार मिळतो. चाळिशी आली, लग्न नाही.

त्याची आई, सगळ्या मजल्याची मावशी, इस्पितळात आया होती. मागच्या वर्षी तिचं डावं अंग गेलं. काळाचौकीच्या आमच्या टॉवरात दारं बंद. चाळीसारखी हाक ऐकू जात नाही. म्हणून मंगेशने आईच्या उजव्या हाताशी एक टॅब बसवला. त्यावर स्वतः बनवलेलं, बशीएवढं लाल बटण. ते दाबलं की आमच्या घरातल्या टॅबवर बेल वाजायची. मी घरूनच लोकांचे हिशेब लिहितो, त्यामुळे दिवसा मी आणि सुनंदा, माझी बायको, हजर असतो.

खाटेभोवती उभं राहून आम्ही तपासलं. मावशीने दहा वेळा दाबलं, दहा वेळा वाजलं. पण ती एकटी असली की बेल गप्प. दोनदा ती ओल्या अंथरुणात सापडली. "दाबलंय मी," एवढंच म्हणायची.

"पडद्यावर बटणामागची पाटी असते, ती मधेच स्पर्श खाते, काका," मंगेश एक दिवस म्हणाला. दुसऱ्या दिवशी म्हणे आईचं बोट कोरडं आहे. दुरुस्ती करायचा, आमच्यासमोर परत दहापैकी दहा.

"म्हातारी विसरत असेल रे," मी म्हटलं.

"आई विसरत नाही." त्याचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. "माझंच चुकतंय."

एका दुपारी सुनंदा पेज घेऊन तिकडे गेली, आणि ती पोचल्यावर आमच्याकडे बेल वाजली. मी धावलो. खोलीत लघवीचा वास. सुनंदा रडवेली. "अहो, बोट बटणावरच होतं. मला बघून काढलं."

बोट उचललं तरच मंगेशचं बटण लागत होतं. सगळी तशीच असतात म्हणे.

"मावशी, दाबून सोडायचं ना!"

"सोडूचा कशाक?" मावशी म्हणाली. "वार्डात बेल बंद पडली की आमी म्हणत असू, गरज सरली. माणूस येईपर्यंत बोट काढूचा नाय."

मंगेशला हे संध्याकाळी सांगितलं. त्याने बटणच बदललं: टेकवलं की वाजणार, उचलेपर्यंत वाजत राहणार.

थंडी सुरू झाली तेव्हा एका सकाळी बेल वाजली ती थांबेना. सुनंदा पोचली तेव्हा मावशीचा श्वास चालू होता. ती मावशीचा दुसरा हात धरून बसली. मी मंगेशला फोन केला, पण तो येण्याआधी मावशी गेली. बोट काचेवर तसंच. आमच्या घरात बेल चालूच. बोट उचलायचं आम्हाला सुचलं नाही.

"पोचलं ना, काकू?" मंगेशने आल्यावर सुनंदाला विचारलं.

"पहिल्याच दाबाला."

त्याने आईचं बोट अलगद उचललं. बेल थांबली.

पंधरवड्यानंतर मी आमच्याकडचा टॅब परत द्यायला गेलो. त्याने घेतला नाही. "असू दे, काका. तपासायला लागतो."

परवा दिवेलागणीला बेल वाजली. एकदा वाजून थांबेल म्हणून वाट पाहिली. थांबली नाही, तेव्हा गेलो. दार नुसतं लोटलेलं. मंगेश आईच्या खाटेवर बसला होता.

"काय रे, बिघडलं काही?"

"नाही काका. पोचतं का बघत होतो."

"पोचलं," मी म्हटलं.

तरी त्याने बोट काढलं नाही. मी खुर्ची ओढून बसलो, तेव्हा काढलं.