सूप झाकणाखाली असताना

आज रात्रीचं जेवण मी करणार, असं मी सकाळी जाहीर केलं तेव्हा घरात कुणीच हसलं नाही. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. (आमच्याकडे माझ्या साध्या बोलण्यालाही लोक हसतात. हसले नाहीत, याचा अर्थ घाबरले.)

झालं होतं असं, की बायकोला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये संध्याकाळच्या पाळीची इन्चार्ज होशील का, असं विचारलं होतं. ही जागा तिला किती वर्षांपासून हवी होती, ते मला ठाऊक आहे. लॅबमध्ये कुणी रक्ताच्या नमुन्यांची अदलाबदल केली, की त्या दिवशी ती घरी येऊन धड जेवायची नाही. "माझ्या हातात असतं ना, तर..." एवढंच पुटपुटत बसायची. आता हातात यायची वेळ आली, तर ही बाई होकारच देईना.

"संध्याकाळी घरात कोण बघणार?"

"म्हणजे काय? मी आहे, अप्पा आहेत, चिंगी आहे."

"तेच म्हणतेय मी," बायको म्हणाली.

हे मला लागलं. अप्पा म्हणजे माझे वडील, जन्मभर बस चालवून आता खुर्चीत बसलेले. चिंगी म्हणजे आमची लेक, वय वर्षं चौदा, कायम मोबाइलमध्ये. त्यांचं एक वेळ ठीक आहे, पण मी? मी पैज लावली. रात्री ती येईल तेव्हा गरमागरम जेवण तयार असेल. ते खाण्यासारखं झालं, तर तिने लगेच तिच्या मॅडमना फोन करून होकार द्यायचा. नाही झालं, तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही.

"कबूल," ती म्हणाली आणि कामावर गेली. (दारातून परत येऊन अप्पांना हळूच "लक्ष ठेवा" म्हणाली, ते मी ऐकलं नाही असं दाखवलं.)

पदार्थ ठरलेला होता. थंडी कडाक्याची पडली होती आणि आमच्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये आचाऱ्याने आदल्याच दिवशी सॉसेज आणि डंपलिंगचं सूप केलं होतं. दाट, पांढरं, क्रीम घातलेलं. वर मैद्याचे टम्म फुगलेले गोळे. मी तीन वाट्या प्यायलो आणि आचाऱ्याला कोपऱ्यात गाठून सगळी कृती वदवून घेतली. शेवटी त्याने बोट उगारून दम भरला, "साहेब, गोळे सूपवर सोडले आणि झाकण ठेवलं, की अलार्म वाजेपर्यंत उघडायचं नाही. वाफ गेली की गोळ्यांचे दगड होतात. बघायचा मोह झाला तरी बघायचं नाही."

नेमकी इथेच माझी पंचाईत होती. मी डबाबंद भाज्यांच्या कारखान्यात तपासनीस आहे. समोरून बंद डबे सरकत जातात. मी त्यातला एखादा उचलायचा, उघडायचा, हुंगायचा, चाखायचा आणि मान हलवायची. या कामाचा मला पगार मिळतो. त्यामुळे बंद वस्तू दिसली, की आत काय चाललंय या विचाराने माझा जीव कासावीस होतो. घरी आलेलं एकही पार्सल मी ज्याचं त्याला न फोडता दिलेलं नाही.

तरीही संध्याकाळी कामाला लागलो. सॉसेजचे काप लोण्यावर खरपूस परतले आणि ताटलीत काढून ठेवले. त्याच लोण्यात कांदा, गाजर, बटाटा. मग मैदा, पाणी, दूध, शेवटी क्रीम. दुसऱ्या भांड्यात मैदा, बेकिंग पावडर, लोणी आणि दूध कालवून सैलसर गोळा केला, चमच्याचमच्याने सूपवर सोडला आणि झाकण ठेवलं.

झाकण काचेचं होतं, त्यामुळे मी निर्धास्त होतो. काचेतून बघायला आचाऱ्याने थोडीच मनाई केली होती? पण मिनिटभरात आतून वाफ धरली आणि काच पांढरीधोप झाली. मी काच पुसली. (बाहेरून. वाफ आत होती, हे दुसऱ्यांदा पुसताना लक्षात आलं.) कान लावला, तर कान भाजला. शेवटी हात आपोआप झाकणाच्या मुठीकडे जायला लागला, तेव्हा मी मनाशी म्हटलं, गड्या, इथे थांबलास तर बायकोची बढती गेली.

मी स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं आणि बाहेरच्या खोलीत अलार्मचं घड्याळ मांडीवर घेऊन, दाराकडे पाठ करून बसलो. पण पाठ केली म्हणून कुतूहल थोडंच कमी होतं! गोळे फुगत असतील का? एकमेकांना चिकटले तर? खाली तर नाही ना बुडाले? मला राहवेना. मी अप्पांना हाक मारली.

"अप्पा, तुम्हाला इंजिनाच्या आवाजावरून सगळं कळायचं ना? जरा आत जाऊन पातेल्याचा आवाज ऐकून या. झाकण मात्र उघडायचं नाही."

"मी कशाला उघडतोय?" असं म्हणत अप्पा गेले. बराच वेळ आतच होते. बाहेर आले ते सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसत.

"मघाशी जरा जोरात पळत होतं," ते म्हणाले. "आता लायनीवर आलंय."

"आपोआप?"

"येतं कधीकधी."

अप्पांचे डोळे ओलसर वाटले. मुलगा स्वयंपाक करतोय हे बघून म्हाताऱ्याला भरून आलं असणार, असा मी अर्थ लावला आणि मलाही भरून आलं.

पण आवाजाने समाधान होतंय थोडंच? वासाचं काय? मी चिंगीला पिटाळलं. "फक्त वास घेऊन ये. नाकाने. हात मागे बांधून."

चिंगी मोबाइल ठेवून गेली. (तेवढ्यावरून तरी मला संशय यायला हवा होता.) परत आली ती ओठांवरून जीभ फिरवत.

"मस्त आहे, बाबा. मीठ एकदम बरोबर आहे आता."

"वासावरून मीठ कळतं?"

"मला कळतं."

माझी छाती फुगली. तपासनिसाची लेक ती! एवढं तयार नाक मी कारखान्यातही पाहिलं नव्हतं.

इतक्यात वरच्या मजल्यावरच्या डेंटिस्ट बाई आमच्याकडे आलेलं त्यांचं पार्सल न्यायला आल्या. पार्सल फोडलेलं होतं, पण ते बघायची मी त्यांना उसंतच दिली नाही. "तुमच्या पर्समध्ये तो छोटा टॉर्च असतो ना? आत पातेलं आहे, काचेचं झाकण आहे. बाहेरूनच उजेड टाकून गोळे दिसतात का तेवढं बघा. माझ्या बायकोच्या नोकरीचा प्रश्न आहे."

बाईंनी माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. दाढ ठणकत असताना "दुखत नाहीये" म्हणणाऱ्या पेशंटकडे त्या असंच बघत असतील. पण टॉर्च घेऊन आत गेल्या. आतून भांड्याचा बारीकसा आवाज आला. मी मागे वळून पाहिलं नाही. (माझ्या संयमाची ही नोंद कुणीतरी घ्यावी, म्हणून मुद्दाम सांगतोय.)

"काळजीचं कारण नाही," बाहेर येऊन त्या म्हणाल्या. "एकदोन जागा रिकाम्या वाटत होत्या, पण भरल्यात आता."

म्हणजे गोळे फुगले! मी बाईंना जेवायलाच थांबवून घेतलं. त्या थांबल्याही पटकन.

अलार्म वाजला आणि त्याच वेळी बायको दारात उभी राहिली, नाक लाल, हात गारठलेले. मी तिचा कोटही घेतला नाही. तिला थेट गॅससमोर नेलं आणि सगळ्यांच्या देखत झाकण उचललं. वाफेचा लोट गेला आणि खाली ते दिसले. पांढरेशुभ्र, गुबगुबीत, एकमेकांना खेटून बसलेले गोळे. मला ओरडावंसं वाटलं, आणि मी ओरडलो.

वाट्या भरल्या. बायकोने पहिला चमचा घेतला. दुसरा घेतला, गोळा चमच्याने तोडून बघितला, आतून कापसासारखा मऊ. मग तिने माझ्याकडे असं पाहिलं, की लग्नानंतर तसं पाहिल्याचं मला तरी आठवत नाही.

"हे तुम्ही केलंत?"

"विश्वास," मी म्हणालो. "झाकणावर विश्वास ठेवावा लागतो. माणूस उतावीळपणा करतो, सारखा आत डोकावतो आणि होणारं काम बिघडवतो." आणखीही बरंच बोललो. अप्पा, चिंगी आणि बाई खाली माना घालून जेवत होते. मला वाटलं, भारावून गेलेत.

"पण केलंत कसं? मला नीट सांगा ना," बायको खरोखरच्या उत्सुकतेने म्हणाली.

मी पहिल्यापासून सुरुवात केली. सॉसेज परतून ताटलीत काढले. कांदा, गाजर, बटाटा. मैदा, दूध, क्रीम. त्यावर गोळे. त्यावर झाकण. संपलं.

"आणि सॉसेज परत कधी घातले?"

मी तोंड उघडलं. घातले... गाजरानंतर? नाही. क्रीमनंतर? नाही. मी सॉसेज परत घातलेच नव्हते. ताटली ओट्यावर तशीच राहिली होती. आणि माझ्या हातातल्या चमच्यात सॉसेजचा जाडजूड काप होता.

"मीठ कधी घातलं?" बायकोने विचारलं.

मीठ!

मी हळूच मान वर केली. तिघंही माझी नजर चुकवत होते.

"अरे, उतू चाललं होतं," अप्पा म्हणाले. "गॅस बारीक केला. तळाला लागत होतं, म्हणून कडेकडेने जरा फिरवलं. त्याला झाकण उचलावंच लागतं."

"आजोबांनी उघडलं तरी काही झालं नाही, म्हणून मी चव बघितली," चिंगी म्हणाली. "कसलं अळणी होतं, बाबा!"

डेंटिस्ट बाईंनी रुमालाने तोंड पुसलं. "मी बाहेरूनच बघणार होते. पण शेजारी ती ताटली दिसली. तुम्ही बंद झाकणावर इतके खूश होतात, की सांगवेना. गुपचूप भरलं मी."

इतकी माणसं आत डोकावून गेली होती आणि गोळ्यांना काहीही झालेलं नव्हतं. अलार्म वाजेपर्यंत झाकण न उघडणारा त्या घरात मी एकटाच होतो. माझा चेहरा खर्रकन उतरला. बायको मात्र हसत सुटली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि खरं सांगतो, तिला इतकं मोकळं हसताना बघून मला बरंही वाटलं. तिने तिसरी वाटी भरून घेतली आणि फोन हातात घेतला.

"कुणाला?" मी विचारलं. पैज मी हरलोय की जिंकलोय, हे मला कळत नव्हतं.

तिने बोटाने गप्प राहायची खूण केली. "मॅडम? हो, मी तयार आहे. उद्यापासूनसुद्धा चालेल... नाही, घरची आता काही चिंता नाही. सासरे सगळं बघतात, मुलगी मोठी झालीये, शेजारही चांगला आहे."

मॅडमनी काहीतरी विचारलं असावं. बायकोने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"मिस्टर? हो, तेही घरीच असतात संध्याकाळी," ती म्हणाली. "पण त्यांची काही अडचण होत नाही. ते बाहेरच्या खोलीत बसतात."