तिन्ही बाजूंनी पाणी

शाजियाचं स्टेटस दर अर्ध्या तासाने बदलत होतं आणि दर अर्ध्या तासाने निताच्या पोटात दुखत होतं.

पहिल्या फोटोत कॅम्परव्हॅन होती. गाडीतच पलंग, गाडीतच शेगडी, खिडकीला निळा पडदा! दुसऱ्या फोटोत कोकणातलं कुठलंसं टोक, तिन्ही बाजूंनी समुद्र. तिसऱ्या फोटोत त्याच टोकावर शाजिया ऐटीत चहा पीत बसली होती आणि खाली लिहिलं होतं, 'द्वीपकल्पावरून गुड मॉर्निंग!'

"द्वीपकल्प!" निता आईकडे वळून किंचाळली. "याडी, बेट कोणतं अन् द्वीपकल्प कोणतं, हे तिले मी शिकवलं! पेपरात माह्यं पाहून लिवलं तिनं! अन् आता तिथंच जाऊन बसली!"

तिची आई बेबीबाई ज्वारी निवडत होती. "मंग? जायाच्या आंधी तुले पुसाव का तिनं?"

"पुसाव तं!"

दहावीच्या वर्गात दोघी एकाच बाकावर बसायच्या, म्हणून तर जास्त जळत होतं. शाजियाचा एजाजमामू पुण्याला, त्याने गाडी भाड्याने आणली. निताला दोन मामा. एकाकडे म्हशी होत्या, दुसऱ्याकडे नुसते सल्ले.

पण मानोऱ्यात निताच्या वडिलांचं, रामधनचं, मंडप डेकोरेशन होतं आणि त्याचं पिकअप दिवाळीच्या सुट्टीत घरामागे रिकामं उभं होतं. निताने आत डोकावून पाहिलं. लाल गालिचा. गुलाबी झालरीचे पडदे. मोठी शेगडी. आणि नवरा-नवरीचा सोनेरी सोफा, जो उतरवायचा सगळ्यांनी कंटाळा केला होता.

"दादा, हे पाह्य आपली कॅम्परव्हॅन!"

"अन् समुद्र?" तिच्या थोरल्या भावाने, वीरेंद्रने, विचारलं. "तो काय टँकरनं आणतं?"

"धरणाच्या मागं जमीन पाण्यात घुसली हाय ना बोटासारखी. तिन्ही बाजूनं पाणी. समुद्रच पाह्यजे असं मास्तर थोडीच म्हणले!"

रामधन कामाने वाशिमला गेला होता, त्यामुळे परवानगी मागायची अडचणच नव्हती. पोरं गाडी बुडवतील या भीतीने बेबीबाईही पुढच्या सीटवर चढून बसली.

टोकावर पोचल्यावर निताला राहवेना. तिने सोफा पाण्याकडे पाठ करून मांडायला लावला, मागे पडदा बांधला, दिवाळीचा ठेवणीतला घागरा नीट पसरला आणि महाराणीसारखी बसली. ऊन फार म्हणून वीरेंद्रने पिकअपमधला वऱ्हाडींचा फेटा डोक्याला गुंडाळला होता. फोटो बेबीबाईने काढला. निताने खाली लिहिलं, 'अखेर माझाही नंबर लागला!'

मग ती मोजत बसली. दहा जणांनी पाहिलं. तीस. बावन्न. पण शाजियाने नाही.

"पाह्य ना वं, पाह्य ना!" ती फोनला म्हणाली, आणि फोनची बॅटरी संपली.

आता गंमत अशी, की त्या बावन्न जणांना द्वीपकल्प दिसलंच नव्हतं. त्यांना दिसला नवरीचा सोफा, झालरीचा पडदा, नटलेली निता आणि फोटोच्या कडेला अर्धाच आलेला एक फेटा. पुसदच्या लिलाबाई आत्याने फोन लावला, तर निताचा बंद. बेबीबाईचा घरी राहिलेला, तो नुसताच वाजतोय. मग आत्याने रामधनला फोनवर गाठलं. दरम्यान कुणीतरी शहाण्याने चाइल्डलाइनला कळवून टाकलं, आणि पिकअप धरणाकडे जाताना तर अर्ध्या गावाने पाहिलं होतं.

तीनच्या सुमाराला धूळ उडवत जीप आली. तिच्यात ग्रामसेवक, अंगणवाडीच्या ताई आणि पोलीस पाटील गुलाबसिंग. धरणात गाडी घातली म्हणून पकडायला आले, असं वाटून वीरेंद्रने पिकअप सुरू केलं. चाकं जागच्या जागी फिरली आणि निम्मी चिखलात रुतली.

"धरा त्याले! नवरदेव पळून राह्यला!" गुलाबसिंग ओरडला.

"कोन नवरदेव?" निता उभी राहिली. "भाऊ हाय तो माह्या!"

"मंग नवरदेव कुठं लपवला?" ग्रामसेवकांनी गालिचा उचलून पाहिला. "अवो बाई, अजून तुळशीचं लग्न लागलं नाही अन् तुमी पोरीचं उरकून राह्यले?"

"कायचं लग्न?" बेबीबाई पिठलं ढवळतच म्हणाली. "आमी सहलीले आलो."

"सहलीले सोफा?"

बेबीबाईने पिठल्यात तांब्याभर पाणी वाढवलं.

तेवढ्यात मोटरसायकलवर रामधन पोचला. "लिला फोनवर रडून राह्यली. म्हणे पोरीचं लग्न केलं अन् मले सांगलं नाही! म्या म्हणलो बाई, मलेबी नाही सांगलं!" मग त्याची नजर पिकअपकडे गेली आणि त्याला खरंच रडू आलं.

सगळं समजायला तासभर लागला, पिकअप ढकलायला दोन. शेवटी सगळे त्याच गालिच्यावर बसून पिठलं-भाकर जेवले. पण ग्रामसेवकांनी आल्या आल्याच जीपजवळून सोफा, निता आणि भोवतालचं पाणी असा फोटो काढून ग्रुपवर टाकून दिला होता. नियमाप्रमाणे निताचं तोंड धूसर करून, 'दक्षतेमुळे बालविवाह टळला!' नंतर त्यांनी खुलासाही टाकला. पण खुलासे कोण पुढे पाठवतं? निताचं स्टेटस मात्र बेबीबाईने घरी पोचून फोन चार्जिंगला लावताच पुसायला लावलं.

रात्री शाजियाचा मेसेज आला. सोबत तोच फोटो.

'निते, हे आपल्या मानोऱ्याचंच हाय म्हणे! कोण पोरगी हाय काय मालूम, तोंडच दिसत नाही. पण जागा पाह्य ना यार! कसलं पाणी, कसला सोफा! इथं आमी आठ जण एका डब्यात. मामू घोरते, अब्बू मामूवर चिडते, मी चार दिवसांपासून उलट्या करून राह्यली. खुदा कसम, या पोरीवर मले इतकी जलन होऊन राह्यली ना!'

निताने धडाधड टाइप केलं, 'ती मीच हाय!' बोट पाठवायच्या बाणावर ठेवलं. मग तिला सोमवारचा वर्ग दिसला. मागच्या बाकावरून येणारी 'नवरी, नवरी' अशी हाक ऐकू आली. एक एक अक्षर पुसत तिने पुन्हा लिहिलं, 'काय मालूम वं. असंन कोणी नशीबवान.'

फोटो मोठा करून ती कितीतरी वेळ पाहत राहिली. आणि त्या तोंड पुसलेल्या पोरीचा तिला भयंकर हेवा वाटला.