उजव्या बाजूपुरते मंजूर

जावकराव म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. कार्यालयातून बाहेर जाणाऱ्या टपालावरचे पत्ते तपासायचे आणि शिक्का मारायचा, एवढंच त्यांचं काम, म्हणून सगळे त्यांना जावकराव म्हणत. अशा निरुपद्रवी माणसाला एका सकाळी दारावरच्या हजेरीयंत्राने ओळखच दाखवली नाही. चेहरा बघून दार उघडणारं ते यंत्र शांतपणे म्हणालं, "व्यक्ती जुळत नाही."

खरं सांगायचं तर यंत्राचं काही चुकलं नव्हतं. गेल्या काही महिन्यांत जावकरावांचं नाक जांभळट, चकचकीत आणि टणक झालं होतं. तोच रंग आता गालांवर आणि कानांच्या पाळ्यांवर उतरला होता. दुखत नाही, खाजत नाही, मग मनावर कोण घेतो? बायको म्हणाली, "उन्हाने असेल हो." शेजारच्या टेबलावरचा सहकारी डोळा मारून म्हणाला, "काय जावकराव, संध्याकाळी आम्हाला सोडून एकटेच बसता वाटतं?" जन्मात थेंबाला न शिवलेला तो माणूस ओशाळून हसला.

आस्थापना अधिकाऱ्यांनी प्रकरण गांभीर्याने हाती घेतलं. "नोंदीतला चेहरा सुस्थितीत राखणं ही कर्मचाऱ्याची जबाबदारी आहे," ते म्हणाले.

"साहेब, पण नाकच असं झालंय."

"नाक हा तुमचा खाजगी प्रश्न. चेहरा कार्यालयाचा."

मेहुणीचं पार्लर होतं. ती रोज सकाळी येऊन जावकरावांच्या तोंडावर लेप थापू लागली. "भावोजी, हलू नका ना, नाक राहिलंय अजून!" लेप बसला, यंत्राचं समाधान झालं, दार उघडू लागलं. पण डोळे लाल राहायला लागले, जिना चढताना धाप लागू लागली आणि पाकिटांवरचे पत्ते धुरकट दिसायला लागले. तेव्हा मात्र जावकरावांनी डॉक्टर गाठायचं ठरवलं. उभा जन्म पत्ते वाचण्यात गेलेला. नजर गेली तर करायचं काय?

कार्यालयाच्या डॉक्टरांनी लेपाकडे पाहून 'निरोगी' असा शेरा मारला. बाहेरच्या, त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र खुर्चीत टेकूही दिलं नाही. "आधी तोंड धुऊन या," म्हणाल्या. मग त्यांनी काचपट्टी नाकावर दाबून धरली. लाली ओसरली आणि खाली पिवळट तपकिरी ठिपके दिसले. गुडघ्यावर लहानपणी पडल्याची खूण होती, तीही नव्याने लाल होऊन फुगली होती.

"मला सारकॉइडोसिसची शंका येतेय," बाई म्हणाल्या. "हा आजार कातडीवर दिसतो, पण फुप्फुसांत आणि डोळ्यांतही ठाण मांडून बसलेला असतो. कातडीचा तुकडा तपासू, छातीचा एक्स-रे काढू. डोळे मात्र आजच दाखवा. उशीर केलात तर नजर जाईल."

डोळ्यांच्या उपचारांसाठी मोठ्या रुग्णालयाला कार्यालयाचं पत्र लागत होतं. धुतलेल्या तोंडाने गेले, तर यंत्र आत घेईना. लेप लावून गेले, तर आस्थापना अधिकारी म्हणाले, "छान दिसताय की!" शेवटी बायकोच पदर खोचून साहेबांसमोर उभी राहिली.

"अहो, डोळे चाललेत त्यांचे!"

"ताई, नियम समजून घ्या. आजारी चेहरा आमच्या कर्मचाऱ्याचा नाही आणि आमच्या कर्मचाऱ्याचा चेहरा आजारी नाही. पत्र द्यायचं कुणाला?"

मग समिती बसली. समितीची उपसमिती बसली. जावकराव तेवढे उभे होते. अखेर तोडगा निघाला. डाव्या बाजूला लेप, ओळख पटण्यासाठी. उजवी बाजू धुतलेली, आजार पटण्यासाठी. यंत्र बिचारं गोंधळलं आणि त्याने निम्मंच दार उघडलं. जावकराव अंग चोरून आत शिरले. निम्मा माणूस आजारी असल्याने रीतसर अर्धपगारी रजा मंजूर झाली. पत्रही मिळालं, उजव्या बाजूपुरतं.

रुग्णालयाच्या खिडकीतल्या बाईंनी ते नीट वाचलं आणि उजव्या डोळ्याचा कागद पुढे सरकवला.

"अहो, दोन्ही डोळे एकाच माणसाचे आहेत!" बायको ओरडली.

"असतील. पण डावी बाजू निरोगी असल्याचं तुमच्याच कार्यालयाने लिहून दिलंय."

डॉक्टरीणबाई भांडल्या, फोनवर फोन केले, घसा बसवून घेतला. डाव्या बाजूची मंजुरी आली तोवर उजवा डोळा वाचला होता. डाव्याला खिडकी कुठे आहे एवढंच कळत होतं. त्या रात्री बायको खूप रडली. जावकराव तिची समजूत घालत राहिले, आणि डावीकडे बसलेली तीच त्यांना नीट दिसत नव्हती.

रजा संपवून ते कामावर आले. औषधाने नाक निवळलं होतं, पण त्याच गोळ्यांनी तोंड सुजून गोल झालं होतं. सहकाऱ्याने पाठीवर थाप मारली, "वा! सुट्टी मानवली बुवा, चांगले गुटगुटीत झालात!" मग त्याने डाव्या बाजूने पाकिटांचा गठ्ठा पुढे केला. जावकरावांनी हात पुढे केला नाही. गठ्ठा खाली पडला. "लक्ष कुठे असतं हो तुमचं हल्ली?" तो वैतागून म्हणाला.

तुम्ही म्हणाल, आमच्या शेजारी बसत असते तर आम्ही पहिल्याच आठवड्यात ओळखलं असतं. असेलही. मग मान न वळवता सांगा पाहू, आज सकाळी तुमच्यासमोर चहाचा कप ठेवणाऱ्या माणसाचा चेहरा कसा होता?