कौदीचा राहिलेला कोपरा

"कुणाला दिलीस? कौदी कुणाला दिलीस ते सांग आधी!"

श्रीपादअण्णा ओरडत होते आणि बेंगळुरातल्या चिकपेटच्या त्या गल्लीतल्या कापडाच्या गठ्ठ्यांनी, शपथेवर सांगतो, अंग चोरून घेतलं. समोरच्या दुकानदारानं पाच वार मागणाऱ्या बाईला घाबरून नऊ वार मोजून दिलं. मी मात्र काउंटरमागे हसत उभा होतो. अण्णांच्या जुन्या वस्तूंच्या दुकानातली एक वस्तू मी विकली होती. त्या वर्षातली ती बहुधा दुसरीच विक्री.

अण्णा मूळचे निपाणीकडचे, बेंगळुरात चाळीस वर्षं मुरलेले. मी सांगलीहून नोकरीला आलेला, त्यांच्या दुकानावरच्या खोलीतला भाडेकरू. तेव्हा कॅन्टोन्मेंटातले जुने बंगले पडत होते, तिथली अँग्लो-इंडियन माणसं ऑस्ट्रेलियाला निघत होती, आणि त्यांनी मागं टाकलेली अख्खी दुनिया अण्णांकडं येऊन पडायची. जपानी किटल्या, जर्मन घड्याळ, पर्शियन सुरई, शिवाय एक आफ्रिकी मुखवटा, ज्याचं नाक इतकं वाकडं होतं की तो शेजारच्या दुकानातली उदबत्ती हुंगायचा.

वस्तू हातात आली की अण्णा तिला दरडावत, "हात दाखव की." म्हणजे घडवणाऱ्याचा हात. मडक्यावर अंगठा उमटलेला हवा, बाहुलीचा एक डोळा घसरलेला हवा. बिनचूक वस्तू दिसली की तोंड वाकडं करून म्हणत, "मशीनचं पोर."

गिऱ्हाइकाला तर मुलाखतच द्यावी लागे. पुण्याच्या एका कॉम्प्युटरवाल्या तरुणानं कॉफीचं तुर्की भांडं उचललं आणि शोकेसमध्ये ठेवणार म्हणाला. अण्णांनी ते हळूच त्याच्या हातातून काढून घेतलं. "यात कॉफी करतात, अप्पा. करणार नसशील तर स्वल्प पाणी पी आणि जा." पास झालेल्यानं वहीत पत्ता लिहायचा, कारण लेक सासरी नांदते का हे बघावं तसे अण्णा पुढं खरंच त्याच्या घरी जात. एकदा जपानी किटलीत मनीप्लँट लावलेला दिसला, तर रोपासकट किटली घेऊन आले.

त्या दिवशी ते दात काढायला गेले होते आणि दुकान माझ्यावर सोपवलं होतं. देवनहळ्ळीच्या एक शिक्षिका आल्या. खुर्चीवर कौदी पडली होती. कौदी म्हणजे आपल्या वाकळेची कानडी बहीण, जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून शिवलेली. मी अण्णांच्या थाटात विचारलं, कुठं ठेवणार? बाई म्हणाल्या, सासऱ्यांच्या अंगावर. मी त्यांना पहिल्या वर्गात पास केलं.

हे सगळं मी ऐटीत सांगितलं. अण्णा ओरडायचे थांबले आणि गालावर बोळा धरून खाली बसले. तेव्हा कुठं मला भीती वाटली.

"सुमतीनं शिवलेली ती," ते म्हणाले. "एक कोपरा शिवायचा राहिला होता."

सुमतीअक्का, म्हणजे अण्णांची बायको, मी येण्याआधीच गेल्या होत्या. अंथरुणात पडल्या पडल्या शिवत होत्या म्हणे. थंडीच्या तोंडावर अण्णा कौदी पेटीतून काढत, गच्चीवर ऊन दाखवत आणि पुन्हा पेटीत घालत. त्या दिवशी दाताच्या घाईत ती खुर्चीवर राहिली. ती अंगावर मात्र त्यांनी एकदाही घेतली नव्हती.

दुसऱ्या दिवशी वहीतला पत्ता घेऊन आम्ही देवनहळ्ळीची बस धरली. अण्णांची तयारी चालली होती. बाईंच्या पाया पडीन म्हणाले. बदल्यात जर्मन घड्याळ देईन म्हणाले, मग त्यावर सुरई चढवली, आणि हेब्बाळ मागं पडेस्तोवर त्यांनी अख्खं दुकान देऊन टाकलं होतं.

किल्ल्यामागं घर सापडलं. पडवीत खाटेवर म्हातारे सासरे हनुवटीपर्यंत कौदी ओढून पडले होते. एक बोट टाक्यांवरून सावकाश फिरत होतं. अण्णा बघत राहिले. मग वाकून कानडीत विचारलं, ऊब येते का? म्हाताऱ्यानं डोळे न उघडता मान हलवली.

अण्णांनी बाईंकडं सुईदोरा मागितला आणि भाकरीचा एक तुकडा. मला वाटलं, सकाळपासून उपाशी आहेत, भूक लागली असेल. बाईंना बरोबर समजलं. त्यांनी काही न विचारता सुईत दोरा ओवून दिला आणि नाचणीची भाकरी मोडून दिली. कौदीचा शेवटचा कोपरा मिटताना आत भाकरी घालतात, पांघरणारा उपाशी राहू नये म्हणून. अण्णा खाटेशेजारी जमिनीवर बसले. उघड्या कोपऱ्यात त्यांनी नाचणीचा तुकडा सारला आणि शिवायला घेतलं. सात टाक्यांना अर्धा तास लागला, दोनदा बोट टोचलं, आणि एकही टाका सरळ नव्हता. दोरा दातानं तोडायला गेले, पण कालचा दात जागेवर नव्हता. मग बाईंनी कात्री दिली.

अण्णा उठले, बाईंना म्हणाले, हिला ऊन दाखवत जा, आणि निघाले.

स्टँडवर मला राहवेना. "अण्णा, परत मागितली का नाही?"

ते येणाऱ्या बसची पाटी वाचत होते.

"थंडी असते इकडं," म्हणाले.