उमाऊसाहेबांनीं किरणास मोजून वाढिलें त्याची हकीकत

श्री. ज्या तेजानें डोळे उघडतात आणि ज्याच्या अतिरेकानें मिटतात, त्या तेजास दंडवत. तारांगण शक एकशें सात, मंददीप नाम संवत्सरीं, तळ्याकांठच्या राज्यांत वर्तमान जाहलें तें ऐसें. राज्याच्या राणी उमाऊसाहेब. यांचे तीर्थरूप नागोजीराव तळ्यापलीकडे गढींत राहत, आणि दिवेलागणीस लेकीच्या गच्चीवरचा दिवा दिसल्याखेरीज पानावर बसत नसत. पुढें म्हातारपणें दृष्टी मंदावली, दिवा दिसेनासा जाहला, आणि जेवण सुटलें. खुशालीचे निरोप धाडिले तर म्हणाले, "दुसऱ्याच्या तोंडची खुशाली आम्हांस नको." हट्टी माणूस, काय करावें? मग बाईंनीं ठरविलें कीं बाबांच्या समोरच्या भिंतीवरच तांबडा ठिपका नेऊन ठेवावा, आणि परदेशी सौदागराकडून लेझर डायोड नामें, तांबडा किरण सोडणारे, तांदळाएवढे दोन पाहुणे आणविले, आणि त्यांस हुकूम देण्यास मायक्रोकंट्रोलर नामें पुष्कळ पायांचा चिमुकला कारभारी नेमिला. सौदागर जातांना बोलिला, "बाईसाहेब, यांस प्रवाह मोजून द्यावा." हें ऐकून अवघा दरबार हसला. कारण त्या राज्याची रीतच ऐसी कीं पाहुण्यास मोजून वाढणें म्हणजे घराण्यास बट्टा; 'नको' म्हटलें कीं वाढपी आणखी वाढी, पानावर आडवा हात धरिला तर हातावर वाढी.

तेव्हां मुख्य वाढपी तिमाजीपंत यांनीं पहिला डायोड विजेच्या कोठारासच थेट जोडून दिला. डायोड लखलखला, तळें क्षणभर गुलाबी जाहलें, बगळ्यांनीं झोपेंत मान फिरविली, पंत म्हणाले, "पाहा, पाहुणा कसा तृप्त आहे," आणि तो विझला तो कायमचाच. उमाऊसाहेबांनीं त्यास तळहातीं घेतलें तों चटका बसला. मग ध्यानीं आलें कीं या जातीस पोट भरल्याचें कळतच नाहीं. जों जों तापे तों तों अधिक पिई, आणि पितां पितां मरे. आतां एकच उरला. तोही गेला तर सौदागर कधीं परतेल नकळे, आणि बाबा पलीकडे उपाशी. बाईंस मोठें भय वाटलें.

मग त्यांनीं अंगावर रंगीत पट्टे ल्यालेला रेझिस्टर डायोडाच्या वाटेंत चौकीस बसविला कीं मापाबाहेर प्रवाह आंत जाऊं नये. आणि कारभाऱ्याच्या कोवळ्या पायावर भार पडूं नये म्हणून ट्रान्झिस्टर नामें द्वारपाल ठेविला, कारभाऱ्यानें नुसती मान हलवावी, कोठाराचें दार त्यानें उघडावें. तिमाजीपंत डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "बाईसाहेब, लोक काय म्हणतील? पाहुण्याच्या पानाशीं चौकी?" बाई बोलिल्या, "पंत, तुमच्या आग्रहानें एक मेला. हा माझ्या मापानें जगूं द्या." आणि किरणाच्या मुखाकडे कोणीं पाहूं नये, दृष्टी जाईल, ऐसी ताकीद दिली, आणि निरोप धाडून बाबांची बैठकही किरणाच्या वाटेंतून बाजूस करविली. मग सांज जाहली, पाणी निजल्यासारखें दिसूं लागलें, कारभाऱ्यानें मान हलविली, आणि डायोड बेतानें उजळला. लखलखाट कांहीं नाहीं. तळ्यावरच्या विरळ धुक्यांत एक तांबडी रेघ हळूच पलीकडे गेली, आणि बाई गच्चीवर उभ्या राहून पाहत राहिल्या. पलीकडून कांहींच कळेना. अन्न त्यांसही गेलें नाहीं.

उजाडतां धुक्यांतून नाव आली, तींत तांदळाचीं पोतीं, गुळाच्या ढेपा, तुपाचे बुधले. नावाडी मुजरा करून बोलिला, "महाराज म्हणाले, लेकीचा दिवा फार बारीक जाहला, घरीं चणचण दिसते, हें पोहोंचवा." बाईंनीं विचारिलें, "आणि बाबा जेवले?" नावाडी म्हणाला, "जेवले, बाईसाहेब. भात दोनदां मागून घेतला." तेव्हां उमाऊसाहेब त्या पोत्यांवरच बसल्या आणि हसतां हसतां रडल्या.

येणेंप्रमाणें वर्तमान जाहलें तें लिहिलें. डायोड अद्याप जगून आहे, आणि पोतीं अद्याप येतात.